अंधेरीहून महापेला: एका छोट्या कंपनीचं बिऱ्हाड हलवताना

मी ३८ माणसांच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत हिशेब, पगार आणि 'बाकी सगळं' बघते. २०२४ मध्ये या 'बाकी सगळं'मध्ये कंपनीचं ऑफिस अंधेरीहून नवी मुंबईत हलवणं हेही आलं. हे काम अंगावर पडलं तेव्हा मी माहिती शोधली. मिळाली ती वकिली भाषेत, आणि नेमकं कुठे अडतं ते कुणीच लिहिलेलं नव्हतं. म्हणून हे लिहितेय. आकडे आमचे आहेत, नियम आमच्या वेळचे. तुमची वेळ येईल तेव्हा फॉर्म आणि फी एकदा तपासून घ्या.

सुरुवात ८ जानेवारीला, सोमवारी झाली. अंधेरीतल्या आमच्या मरोळच्या जागेच्या मालकांचं पत्र आलं. करार ३१ जुलैला संपत होता, पुढे राहायचं तर भाडं १५ टक्के वाढवून द्या. आम्ही २,२०० चौरस फुटांचे महिन्याला २,५९,६०० भरत होतो, म्हणजे आता तीन लाखांना टेकणार. सरांनी पत्र वाचलं, माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "बघा जरा." आमच्याकडे 'बघा जरा' म्हणजे काम तुमचं झालं.

त्याच आठवड्यात, १२ जानेवारीला, अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि डब्याच्या टेबलावर नवी मुंबईचाच विषय. खरं तर शिवडीहून चिर्ल्याला जाणाऱ्या २१.८ किलोमीटरच्या पुलाचा आमच्यापैकी कुणालाही रोज उपयोग नव्हता. कारला एका फेरीचे २५० रुपये टोल भरून कोण ऑफिसला येणार? पण पेपरात नकाशे येत होते, आणि नकाशा समोर असला की माणूस विचार करतोच. एकाने विचारलं, "आपण काय ऑस्टिनला चाललोय का?" ओरॅकलने डिसेंबर २०२० मध्ये आपलं मुख्यालय कॅलिफोर्नियातून टेक्सासमधल्या ऑस्टिनला नेल्याचं जाहीर केलं होतं, २०२१ मध्ये टेस्लाही तिकडेच गेली. सरांना हा विषय फार आवडतो. त्यांच्या मते कंपन्या चार गोष्टींसाठी शहर बदलतात: जागा स्वस्त, कर कमी, माणसं मिळतात, गिऱ्हाईक जवळ. चौथ्या मुद्द्याला त्यांचं ठरलेलं उदाहरण इन्फोसिसचं. १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेली कंपनी १९८३ मध्ये बंगळुरूला गेली, कारण तिथे मायको या कंपनीचं काम मिळालं होतं. ही गोष्ट सांगताना ते थोडे हळवे होतात. पुणेकर आहेत ना.

आमच्याबाबतीत यातले दोन मुद्दे गळलेच. राज्य तेच, त्यामुळे कर तेच. गिऱ्हाईक जर्मनीत, त्याला अंधेरी काय नि महापे काय. उरली जागा आणि माणसं. जागेचं गणित कुणालाही येतं. माणसांसाठी मी एक साधी गोष्ट केली, आणि या सगळ्या खटाटोपात मला सुचलेली तीच एक शहाणपणाची गोष्ट: पगाराच्या फाईलमधून सगळ्यांचे पिनकोड काढून एका एक्सेलमध्ये मांडले.

३८ जणांपैकी १७ ठाणे, डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ पट्ट्यातले. ९ नवी मुंबईतले, ऐरोलीपासून खारघरपर्यंत. मुलुंड-घाटकोपर बाजूचे ४. आणि पश्चिम उपनगरात, बोरिवली ते विरार, फक्त ८. सहा वर्षांपूर्वी मी लागले तेव्हा निम्मं ऑफिस अंधेरी-गोरेगावात भाड्याने राहत होतं. लग्नं झाली, घरं घेतली, आणि कर्जाचा हप्ता जिथे झेपला तिथे माणसं गेली, म्हणजे खाडीपलीकडे आणि कल्याणकडे. ऑफिसला त्याचा पत्ताच नव्हता. मी स्वतः डोंबिवलीची. घाटकोपरला उतरून मेट्रो, घरापासून टेबलापर्यंत पावणेदोन तास. पण हे फक्त आपलंच दुखणं आहे असं मी इतके दिवस धरून चालले होते.

सरांनी तक्ता पाहिला आणि बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "ठाणे, ऐरोली, महापे, बेलापूर. चारही बघू."

फेब्रुवारीचे तीन शनिवार त्यात गेले. ठाण्याचं वागळे इस्टेट मला मनातून हवं होतं, पण तीन हात नाक्यावर अडकलो ते अर्ध्या तासाने सुटलो. ज्या वेळी आम्ही अडकलो ती तर शनिवारची दुपार होती. ऐरोलीत स्टेशनला लागून असलेला मोठा आयटी पार्क पाहिला. सुंदर. तिथल्या माणसाने आम्हाला किती हजार फूट हवेत ते विचारलं, आम्ही सांगितलं, आणि तो फार सभ्यपणे हसला. बेलापूरची जागा चांगली होती, भाडंही बसत होतं, पण ठाण्याकडच्या १७ जणांना ती लांब. महाप्याला एमआयडीसीत, म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहतीत, मिलेनियम बिझनेस पार्कच्या बाजूला, एका आयटी इमारतीत तिसऱ्या मजल्यावर अर्धवट फर्निचर असलेली जागा मिळाली. घणसोली किंवा कोपरखैरणे स्टेशनवरून शेअर रिक्षा, कल्याण-डोंबिवलीहून शिळफाटा मार्गे बस. भाडं ६० रुपये फूट.

इथे पहिली सूचना. '२,५०० फूट' म्हणजे काय ते तिथल्या तिथे विचारा. ज्यावर भाडं लागतं तो आकडा वेगळा आणि पायाखाली येणारा कार्पेट एरिया वेगळा. आम्हाला २,५०० चे पैसे भरून कार्पेट मिळालं १,५५० च्या आसपास. मी काकांना, म्हणजे आमच्या ऑफिस असिस्टंटना, टेप घेऊन बरोबर नेलं होतं. ब्रोकरला ते आवडलं नाही. शिवाय देखभालीचे फुटाला १० रुपये वेगळे, दोन्हीवर १८ टक्के जीएसटी. जीएसटी पुढे वळता करून घेता येतो, पण महिन्याच्या रोख हिशेबात तो आधी जातोच. आणि मंजूर वीजभार किती किलोवॅट आहे ते बिलावर बघा. आधीचा भाडेकरू कमी एसी वापरत असेल तर तुम्हाला भार वाढवून घ्यावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो.

११ मार्चला टोकन दिलं. मला वाटलं, महिन्याभरात करार होईल.

एमआयडीसीच्या जमिनीचा प्रकार मला तोवर माहीत नव्हता. प्लॉट एमआयडीसीकडून ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेला असतो, त्यामुळे तुमचा मालक हा पूर्ण अर्थाने मालक नसतो. त्याला जागा दुसऱ्याला वापरायला द्यायची तर एमआयडीसीची परवानगी घ्यावी लागते, तिचे पैसे भरावे लागतात. आमच्या मालकांनी "ते आम्ही बघतो" म्हटलं आणि आम्ही निश्चिंत झालो. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. त्यानंतर कुठल्याही ऑफिसात फोन केला की "साहेब इलेक्शन ड्यूटीवर". आमच्याकडे मतदान २० मे रोजी होतं. परवानगीचा कागद हातात यायला एप्रिल संपला. ही परवानगी मिळेपर्यंत करारावर सही करायची नाही, असं आमच्या सीएस (कंपनी सेक्रेटरी) मॅडमनी बजावलं होतं, आणि मालक रोज फोन करून "सही करून ठेवा, कागद येतोच आहे" म्हणत होते. तो दीड महिना मी नीट झोपले नाही. ३१ जुलै पुढे दिसत होता आणि हातात एकही जागा पक्की नव्हती. जुन्या मालकांना सोडतोय म्हणून कळवावं तर इकडचं फिसकटलं तर? शेवटी सरांनी धीर करून १५ एप्रिलला तीन महिन्यांची नोटीस दिली. मी ती कुरियर केली आणि पावती पर्समध्ये महिनाभर घेऊन फिरले.

६ मे रोजी करार नोंदवला. लिव्ह अँड लायसन्स, ३६ महिने, दरवर्षी ५ टक्के वाढ, अनामत सहा महिन्यांचं भाडं म्हणजे ९ लाख. महाराष्ट्रात हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, अकरा महिन्यांचा असला तरी. मुद्रांक शुल्काचं गणित सांगून ठेवते, कारण एजंट ते गुपितासारखं जपतात. तिन्ही वर्षांचं एकूण भाडं ५६,७४,५०० रुपये. त्यात अनामतीवर वर्षाला १० टक्के धरून तीन वर्षांचे २,७०,००० मिळवा. जी बेरीज येईल तिच्या पाव टक्का. आमचे १४,८६१ आले, वरचा शेकडा धरून १४,९०० भरले. नोंदणी फी १,००० रुपये. अंगठा आणि फोटो घ्यायला माणूस लॅपटॉप घेऊन ऑफिसात येतो, पण मालकांच्या फर्ममधले दुसरे भागीदार नाशिकला होते आणि त्यांचा अंगठा काही मशीन घेईना. बोटाला तेल लावलं, पुसलं, पुन्हा लावलं. शेवटी सातव्या प्रयत्नात लागला. वयस्कर माणसांच्या बाबतीत हा वेळ धरून चाला.

करार झाल्यावर सगळ्यांना सांगायचं होतं. १३ मे रोजी मीटिंग घेतली. टाळ्या वाजल्या, आणि मी टाळ्या न वाजवणाऱ्यांकडे बघत होते. नालासोपाऱ्याचा एक जण माझ्याच महिन्यात लागलेला. त्याने मोबाईलवर शांतपणे हिशेब केला: नालासोपारा ते दादर, दादर ते ठाणे, ठाणे ते घणसोली, मग रिक्षा. अडीच तास, एका बाजूचे. कुणीतरी म्हणालं, "बोरिवली-ठाणे बोगदा होतोय ना." त्या बोगद्याचं भूमिपूजन आम्ही हललो त्यानंतर दोन आठवड्यांनी झालं. कंपनीने पश्चिमेकडच्या आठ जणांना आठवड्यातून एकच दिवस यायची मुभा दिली आणि वर्षभर प्रवासभत्ता. तरी दोघांनी जूनमध्ये राजीनामा दिला. नालासोपाऱ्याचा त्यातला एक. जाताना माझ्यावर रागावला नाही, उलट "तुझ्या एक्सेलमध्ये मी अल्पसंख्य" म्हणून हसला. मला ते लागलं. तक्ता मीच बनवला होता.

आता कागदपत्रं. सीएस मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मुख्यालय हा शब्द विसरा. कंपनी कायद्याला नोंदणीकृत कार्यालय कळतं, जीएसटीला व्यवसायाचं मुख्य ठिकाण कळतं. मुख्यालय फक्त पेपरवाल्यांना कळतं." मला हे आधी शब्दांचे खेळ वाटले. पण टेस्लाचंच बघा: कागदावर मुख्यालय टेक्सासला गेलं आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनीच अभियांत्रिकीचं जागतिक मुख्यालय पालो आल्टोला, कॅलिफोर्नियात, असल्याचं जाहीर केलं. कागद एका गावात, डोकी दुसऱ्या. आम्हालाही नुसतं बिऱ्हाड हलवून नोंदणीकृत पत्ता अंधेरीत कुणाच्या तरी फ्लॅटवर ठेवता आला असता. बरेच जण ठेवतात. मग सरकारी पत्रं तिकडे जातात, इकडे कुणाला कळत नाही आणि दंडाची नोटीस आली की धावपळ. आम्ही दोन्ही एकत्र हलवायचं ठरवलं.

आमचं त्यातल्या त्यात सोपं होतं, कारण अंधेरी आणि महापे दोन्ही तेव्हा मुंबईच्याच कंपनी निबंधकांकडे होती. पुण्याच्या निबंधकांच्या हद्दीतून यायचं असतं तर प्रादेशिक संचालकांची मंजुरी लागली असती. परराज्यातून तर आणखीच वेगळी कथा. पण शहराची हद्द ओलांडतोय म्हणून संचालक मंडळाचा ठराव पुरत नाही, भागधारकांचा विशेष ठराव लागतो. २४ मे रोजी सभेची नोटीस काढली, पूर्ण २१ दिवस मधे मोकळे जावे लागतात, १८ जूनला सभा. आमचे भागधारक चार. त्यात सरांच्या आई. त्यांनी सगळा ठराव ऐकून घेतला आणि एकच विचारलं, "तुला घरापासून लांब पडेल का रे?" सर मुलुंडला राहतात. ऐरोलीचा पूल ओलांडला की आलेच. ठराव एकमताने मंजूर.

ठरावाचा एमजीटी-१४ फॉर्म ३० दिवसांच्या आत, आणि पत्ता बदलल्यापासून ३० दिवसांत आयएनसी-२२. आमचं अधिकृत भांडवल १० लाख, त्यामुळे सरकारी फी प्रत्येकी ४०० रुपये. सीएस मॅडमची फी अर्थात वेगळी, सगळं मिळून १५,०००. आयएनसी-२२ ला करार, मालकांचं ना-हरकत पत्र, दोन महिन्यांपेक्षा जुनं नसलेलं वीजबिल आणि फोटो लागतात. इमारतीचा बाहेरून एक, आणि ऑफिसच्या आतून एक ज्यात कंपनीचा संचालक दिसला पाहिजे. सर शर्ट इस्त्री करून आले, खुर्चीत बसले, काकांनी फोटो काढला. मॅडमनी परत पाठवला: नावाची पाटी दिसत नाही. पाटी तर अजून बनायची होती.

या पाटीने आठवडा खाल्ला. नोंदणीकृत कार्यालयाबाहेर कंपनीचं नाव आणि पत्ता स्थानिक भाषेतही हवा, आणि दुकाने-आस्थापना कायद्याप्रमाणे मराठी अक्षरं दुसऱ्या कुठल्या भाषेपेक्षा लहान चालत नाहीत. मान्य, आणि मला तर आनंदच. पण आमच्या नावात 'सोल्युशन्स' आहे. मी 'ल्यु' ऱ्हस्व लिहून दिला, सरांनी दीर्घ केला, पाटीवाल्याने तिसरंच काहीतरी, 'सोलूशन्स', छापून आणलं. मग व्हॉट्सअ‍ॅपवर मतदान. ऱ्हस्व जिंकला, २१ विरुद्ध ९. पाटीचे ६,५००, त्यात चुकलेल्या पाटीचे दीड हजार.

सामान २९ आणि ३० जूनला, शनिवार-रविवारी हलवलं. टेम्पोचे ८५,०००, नेटवर्कच्या वायरिंगचे १,२०,०००. पाऊस होता. प्रत्येक मशीनवर मालकाच्या नावाची चिकटपट्टी लावा, आणि ती झाकणावर लावू नका, झाकणं बदलतात. काकांनी गणपतीची तसबीर स्वतःच्या मांडीवर घेऊन रिक्षाने आणली, टेम्पोत द्यायला तयार नव्हते. रविवारी संध्याकाळी सगळं लागलं तेव्हा खिडकीतून पारसिकचा डोंगर हिरवागार दिसत होता. मरोळच्या खिडकीतून समोरच्या इमारतीच्या एसीचे डबे दिसायचे.

दुसऱ्याच सोमवारी, ८ जुलैला, पहाटे मुंबईत सहा तासांत ३०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, लोकल कोलमडल्या. त्या दिवशी ऑफिसला पोहोचले ते सहा जण, सगळे नवी मुंबईचे. आणि तिथे इंटरनेट नव्हतं. लीज लाइनची, म्हणजे फक्त आपल्या ऑफिससाठीच्या इंटरनेट जोडणीची, ऑर्डर १३ मे रोजी दिली होती, कंपनी ४५ दिवस म्हणाली होती. पण शेवटच्या दोनशे मीटरसाठी रस्ता खोदावा लागणार होता आणि पावसाळ्यात खोदायला परवानगी नाही, हे आम्हाला त्यांनी जूनच्या अखेरीस सांगितलं. शेजारच्या इमारतीवरून वायरलेसने जोडणी मिळाली ती २२ जुलैला. तोवर चार डोंगल आणि लोकांचे मोबाईल. जर्मनीच्या गिऱ्हाइकाबरोबरच्या कॉलमध्ये आमचा आवाज तुटत होता. ते म्हणाले, पावसाचा आवाज मात्र छान येतोय. तुम्ही उन्हाळ्यात करार करत असाल तर जागेच्या आधी केबल कुठपर्यंत आली आहे ते विचारा.

जीएसटीला पत्त्यातला बदल १५ दिवसांत कळवायचा असतो. नोंदणी क्रमांक तोच राहतो, कारण राज्य तेच. मी १२ जुलैला अर्ज केला. २५ तारखेला शंका आली: करारातला पत्ता आणि वीजबिलातला पत्ता जुळत नाहीत. करारात 'महापे, नवी मुंबई', बिलावर 'टीटीसी इंडस्ट्रियल एरिया, ठाणे-बेलापूर रोड', गावाचं नावच नाही. अर्जात जिल्हा निवडायचा तर यादीत नवी मुंबई सापडत नाही, कारण तो जिल्हा नाही. महापे ठाणे जिल्ह्यात, खारघर मात्र रायगडमध्ये. उत्तराला सात कामाचे दिवस असतात. मालकांकडून 'हे दोन्ही पत्ते एकाच जागेचे आहेत' असं पत्र आणि एमआयडीसीच्या परवानगीची प्रत जोडून ३० जुलैला उत्तर दिलं, ९ ऑगस्टला मंजुरी आली. त्या दिवसापासून मी पत्त्याची एक फाईल केली, स्वल्पविरामासकट, आणि कुणालाही पत्ता हाताने टाईप करू दिला नाही. हे मी मे महिन्यात, करार लिहितानाच करायला हवं होतं. करारातला पत्ता वीजबिलावरून अक्षरशः उतरवून घ्या.

बाकीचं भराभर सांगते. दुकाने-आस्थापना नोंदणी अंधेरीत महापालिकेकडे होती, इकडे ती कामगार विभागाकडे. म्हणजे हा पत्ताबदल होत नाही, जुनी बंद करून नवी करायची. तेव्हा दहा किंवा जास्त माणसं असतील तर रीतसर नोंदणी लागायची, कमी असतील तर नुसती सूचना. साठ दिवस मिळायचे. निर्यातदार म्हणून असलेल्या आयईसीतला, म्हणजे आयात-निर्यात क्रमांकाच्या नोंदीतला, पत्ता घरबसल्या बदलला, २०० रुपये, एवढं सरळ काम दुसरं झालं नाही. पीएफचा कोड तोच राहिला, लोकांच्या खात्यांना धक्का लागला नाही, आणि हा प्रश्न मला निदान पंधरा जणांनी विचारला होता. बिलबुकं, लेटरहेड, ईमेलखालची सही, सगळीकडे नवा नोंदणीकृत पत्ता आणि सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक. हे राहिलं तर दिवसाला १,००० रुपये दंड आहे, कमाल एक लाख. जुनी लेटरहेड मी कच्च्या कामाला ठेवलीत.

सगळ्यात जास्त छळलं बँकेने. नाव लिहीत नाही. ठराव, आयएनसी-२२ ची पोच, जीएसटीचं नवं प्रमाणपत्र सगळं दिलं. तर म्हणे नव्या पत्त्यावर आमचा माणूस पडताळणीला येईल. माणूस मरोळला गेला. दारावर कुलूप पाहून 'कंपनी सापडली नाही' असा शेरा मारून आला. मग खातं तात्पुरतं गोठवण्याची सूचना, तीसुद्धा महिन्याच्या २८ तारखेला. त्या दिवशी मी शाखेत दुपारी बारापासून पावणेपाचपर्यंत बसून राहिले आणि पगार गेल्याचा मेसेज आल्यावरच उठले. बँकेचं काम पगाराच्या आठवड्यात काढू नका. पत्ता तिथे एकदाचा बदलला ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात.

जुन्या मालकांकडून अनामत यायला डिसेंबर उजाडला. पार्टिशन काढून भिंती रंगवून द्या, असं करारात एका ओळीत होतं आणि ती ओळ आमच्यापैकी कुणी वाचली नव्हती. ६०,००० कापले. निघण्याच्या दिवशी सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ काढून ठेवला होता म्हणून आणखी कापायचं राहिलं.

आणि माझा प्रवास? जानेवारीत मी हिशेब केला होता, डोंबिवलीहून बसने पन्नास मिनिटं. कागदावर बरोबर होता. पण कल्याण-शीळ रस्त्यावरची कोंडी धरली नव्हती, आणि आता तिथे मेट्रोचंही काम. महिनाभरात मी लोकलवर आले: डोंबिवली ते ठाणे, मग ट्रान्स-हार्बर, घणसोली, रिक्षा. सव्वा तास. कळवा-ऐरोली रेल्वे जोडमार्ग झाला तर ठाण्याला उतरून स्टेशनचा पूल चढायला नको, पण तो 'झाला तर' आम्ही डोंबिवलीकर बरीच वर्षं ऐकतोय. सरांचं मात्र फावलं. १४ ऑक्टोबरपासून मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर छोट्या गाड्यांना टोल माफ झाला, त्यात ऐरोलीही. जाता-येताचे रोजचे पैसे वाचले म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना वडापाव आणला.

पाव खाता खाता त्यांनी एक गंमत सांगितली. ओरॅकलच्या प्रमुखांनी एप्रिलमध्ये म्हटलंय की त्यांचं जागतिक मुख्यालय पुढे नॅशव्हिलला असेल. ऑस्टिन जाहीर होऊन चार वर्षंही झाली नव्हती. काका विचारत होते, "मग आपण पुन्हा?" मी हातातला पाव खाली ठेवला. काकांचे वडील भायखळ्याच्या भाजीबाजारात हमाल होते. घाऊक बाजार वाशीला हलला तेव्हा त्यांचं सगळं घरच तिकडे गेलं. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची. तेव्हापासून मुंबईचं ओझं खाडीपलीकडे न्यायचं चाललंय. मंत्रालय काही हललं नाही, कांदा-बटाटा हलला, संगणक त्याच्या मागून आले. आणि ज्या अंधेरीतून आम्ही निघालो तिथे १९७३ मध्ये सीप्झ हे निर्यात क्षेत्र झालं तेव्हा तीही लोकांना लांबच वाटली असणार.

दोन रिकाम्या जागा भरायला नोव्हेंबरमध्ये मुलाखती घेतल्या. अर्ज जास्त आले, हे खरं. बदलापूर, कळंबोली, दिवा, अंधेरीच्या पत्त्यावर जिथून कधी अर्ज यायचे नाहीत तिथून. एका मुलाच्या अर्जावर पत्ता नालासोपारा होता. काम उत्तम येत होतं, पण मी त्याला दोनदा विचारलं, रोज जमेल का? म्हणाला, "ताई, तो आधारवरचा पत्ता आहे. मी वर्षभर रबाळ्याला मावशीकडे राहतो. बदलायचा राहिलाय."